आंबट बिअर

ऑनसाइटला ब्रसेल्सला येऊन दोन महिने झाले होते. शनिवारी टीममधला एक बेल्जियन मित्र कांतियों ब्रुअरीत घेऊन गेला. १९०० सालची! बार्ली-गव्हाचा उकळता काढा माळ्यावर तांब्याच्या उथळ टाकीत रात्रभर उघडा ठेवतात. हवेतलं यीस्ट आपोआप त्यात पडतं. म्हणजे विरजण लावायची भानगडच नाही! म्हणून हा उद्योग फक्त थंडीत. मग लाकडी पिंपं. एक, दोन आणि तीन वर्षं मुरलेली मिसळून बाटलीत पुन्हा फसफसली, की झाली 'ग्युझ'.

पहिला घोट... च्यायला! नासलीये की काय? मित्र नुसता हसत होता. दुसऱ्या घोटाला जिभेला काहीतरी ओळखीचं वाटलं. तिसऱ्याला सापडलं. आजीची आंबील! आजी जाऊन चार वर्षं झाली.

रात्री आईचा फोन. मी पितो हे घरी माहीत नाही.

"आज काय विशेष?"

"आजीच्या आंबिलीसारखं काहीतरी प्यायलो."

आई क्षणभर गप्प. मग म्हणाली, "मला कधी तशी जमली नाही रे. कृती विचारून ठेव हं त्यांना."

आता काय सांगणार, कप्पाळ!

असो. दिवाळीत घरी गेलो की सांगीन म्हणतोय. समोरासमोर.