गोलकीपरचा हिशेब

बारडोलीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर हटत नाहीत. आज असाच अडकलो आणि मोबाइलवर पार्क जी-सुंगची जुनी मॅच पाहत बसलो. बॉल पायात नसतानाही हा कोरियन गडी नुसता पळत असतो! 2008 ला मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलला प्रशिक्षक फर्ग्युसनने त्याला राखीवातही घेतलं नव्हतं. पुढच्याच वर्षी तो रोममध्ये फायनल खेळला, असा पहिला आशियाई. शेवटी गुडघ्याने दगा दिला, 2014 ला निवृत्ती.

आकड्यांत न दिसणारं त्याचं हे पळणं पाहताना मला मात्र आपला ब्रह्मानंद शंखवाळकर आठवत राहिला. ताळगावचा, साळगावकर क्लबचा गोलकीपर, भारताचा कप्तान. 1984 मध्ये गोव्याने संतोष ट्रॉफी जिंकली तेव्हा गोलपोस्ट त्याच्याच ताब्यात होता. गोल करणाऱ्यांचे आकडे राहतात. अडवलेल्या गोलांची नोंद कोण ठेवतो? अर्जुन पुरस्कार मिळाला 1997 ला, पद्मश्री 2022 ला. उशीरच म्हणायचा, दुसरं काय! गावसकरांची शतकं तारखेनिशी घोकणाऱ्या आमच्या दादाला हे नाव तरी माहीत आहे का, रात्री फोन करून विचारतो.