भाषांतर नको

तंजावरला आम्ही दोघी काटकसरीत गेलो. तिरुचीहून साधी बस, केळीच्या पानावरचं जेवण, गाईड नाही. बृहदीश्वराच्या देवळात शिरायला तिकीट नसतं, हेही पथ्यावर पडलं. मैत्रीण चेन्नईची; पण राजराज चोळाच्या काळातली, हजार वर्षांपूर्वीची तमिळ अक्षरं तिलाही एकेक चाचपावी लागत होती.

आवाराच्या नैर्ऋत्येला मात्र भिंतीवर मराठी! दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. मी मोठ्याने, अडखळत वाचू लागले. भाषांतरकाराच्या सवयीने दोन ओळींनंतर इंग्रजीत सांगायला गेले, तर ती म्हणाली, ‘‘भाषांतर नको. नुसतं वाच.’’

आमची वीस वर्षांची मैत्री इंग्रजीतच झालेली, भांडणंसुद्धा. माझं मराठी तिच्या कानावर पडायचं ते मी आईशी फोनवर बोलायचे तेव्हाच. आईला जाऊन तीन वर्षं झाली.

मी वाचत राहिले. कोण कोणाचा मुलगा, कोणी कुठला मुलूख घेतला. तिला त्यातलं काहीच कळत नव्हतं. उन्हं कलली, माझा घसा सुकला, तेव्हा कुठे थांबले. पाण्याची बाटली पुढे करत ती म्हणाली, ‘‘तुझा हा आवाज फार दिवसांत ऐकला नव्हता.’’