मांजरीची वाट

जुन्या नाशकातल्या आमच्या घराची बाहेरची भिंत नऊ इंची विटांची आहे. मांजरीसाठी रात्री खिडकी उघडी राहायची. गल्लीत दोन चोऱ्या झाल्या आणि ती बंद करावी लागली. मांजर रात्रभर दारापाशी ओरडू लागली. भिंतीला भोक पाडून झडप बसवू, असे मी सुचवले. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलल्याच नाहीत. मरहूम अब्बांनी या भिंतीला स्वतःच्या हाताने पाणी मारले होते.

मग जेवताना हजरत अबू कतादा (रजि.) यांची गोष्ट निघाली. वुजूच्या भांड्याशी मांजर आली, तेव्हा तिला पिता यावे म्हणून त्यांनी भांडे कलते केले, ती नापाक नाही, आपल्यात वावरणारी आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली.

दुसऱ्या दिवशी अम्मीच म्हणाल्या, “पाईपला उतार बाहेरच्या बाजूला ठेवायला सांग, नाहीतर पावसाचं पाणी आत येईल.”

गवंड्याने मांजरीच्या पोटाच्या उंचीवर कोअर कटरने आठ इंची गोल भोक पाडले, पाईप बसवून कडा सिमेंटने बुजवल्या आणि दोन्हीकडे हलणारी झडप लावली. अब्बांची भिंत शाबूत आहे. खिडकीला कडी लागते, आणि रात्री झडप वाजली की अम्मी कूस बदलून म्हणतात, “आ गयी.”