आगाऊ उत्तरें

'आगाऊ' हा शब्द मराठींत दोन अर्थांनीं चालतो. आगाऊ दिलेला पैसा भल्या गृहस्थाचें लक्षण समजला जातो. आगाऊ दिलेलें उत्तर मात्र उद्धटपणांत जमा होतें. गुरुजींचा प्रश्न पुरा होण्यापूर्वींच हात वर करून बोलूं लागणाऱ्या मुलाच्या वांट्यास काय येत असे, हें आम्हांस स्वानुभवानें ठाऊक आहे. पुढें पोटासाठीं संगणक बसविण्याचें व दुरुस्त करण्याचें काम पत्करलें, तेव्हां जन्माची ही खोड अखेर कामीं आली; कारण या धंद्यांत आगाऊ उत्तर देणें हा अपराध नसून तेंच मुख्य कसब होय.

ज्या वाचकांचा या कामाशीं संबंध आला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें जरूर आहे. कोऱ्या संगणकावर विंडोज बसवूं लागलें म्हणजे तें नव्या पाहुण्याप्रमाणें प्रश्नांचा भडिमार सुरू करतें. भाषा कोणती, कळफलक कोणता, तबकडीच्या कोणत्या भागांत उतरूं, यंत्राचें नांव काय, घड्याळ कोणत्या देशाचें लावूं, अटी मान्य आहेत ना? तें एकदांचें स्थिरावलें कीं त्यावर चालावयाचे निरनिराळे प्रोग्राम येतात आणि प्रत्येक जण हीच प्रश्नोत्तरें नव्यानें मांडतो. एका यंत्रापुरतें हें सोसतें. चोवीस यंत्रें असलीं म्हणजे तींच उत्तरें चोवीस वेळां द्यावीं लागतात, आणि दहाव्या यंत्रापुढें माणूस प्रश्न वाचण्याचें सोडून देऊन केवळ 'पुढें' या बटणावर बोट ठेवून बसतो. (बोटाच्या या संवयीची गोष्ट पुढें येणार आहे.)

यावर तोड अशी कीं सर्व उत्तरें एका फाइलींत आधींच लिहून ठेवावयाचीं. इंग्रजींत तिला जें नांव आहे त्याचें सरळ मराठी केलें तर 'उत्तरपत्रिका' असेंच होईल, आणि आम्ही तिला तेंच म्हणत आलों आहों. विंडोज एक्सपीच्या काळीं ही साध्या ओळींची यादी असे. २००७ सालीं व्हिस्टा आली तेव्हांपासून ती एक्सएमएल या जाचक लिपींत लिहावी लागते. तिचे सात टप्पे असतात, आणि उत्तर बरोबर असून चुकीच्या टप्प्यांत पडलें तर तें न दिल्यासारखेंच होतें. ती ठराविक नांवानें पेनड्राइव्हच्या पहिल्याच पायरीवर ठेवली कीं विंडोज ती आपण होऊन शोधून काढतें व तोंडांतून ब्र न काढतां कामास लागतें. सबंध तबकडी पुसून टाक असें तींत लिहिलें असेल, तर 'नक्की ना?' एवढें विचारण्याचें सौजन्यही तें दाखवीत नाहीं. मागून येणाऱ्या प्रोग्रामांना गप्प बसविण्याचीहि चिन्हें आहेत. कोणास आज्ञेच्या शेवटीं 'क्यूएन' हीं अक्षरें लावावीं लागतात, कोणास नुसता 'एस' पुरतो, आणि एका घराण्याच्या प्रोग्रामांना 'मूक' एवढें सांगून भागत नाहीं, 'अतिमूक' म्हणावें लागतें. घरांतील मुलांवरहि हा प्रयोग करून पाहावा असें पुष्कळदां आमच्या मनांत येतें.

आतां हकीकत. २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या आमच्या नगर जिल्ह्यांत पाथर्डी तालुक्याच्या एका विद्यालयांत चोवीस संगणक होते, आणि तीं सर्व विंडोज ७ वर चालत. १४ जानेवारी २०२० रोजीं विंडोज ७ ची मुदत संपावयाची होती. तत्पूर्वीं विंडोज १० बसवून द्यावें असें काम आमच्याकडे आलें. डिसेंबरचे दिवस. बारावीच्या माहिती-तंत्रज्ञान विषयाची परीक्षा संगणकावर होते, तिच्या सरावाची तारीख ठरलेली होती. पाथर्डीकडील कित्येक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत उतरतात. मुलें मागें आजी-आजोबांपाशीं नाहीं तर वसतिगृहांत राहतात. त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या घरीं संगणक नाहीं. जो काय सराव व्हावयाचा तो याच चोवीस यंत्रांवर. म्हणून मुख्याध्यापकांनीं विचारलें, "उद्यां दहा वाजेपर्यंत होईल ना?" आणि आम्हीं प्रश्न पुरा होण्यापूर्वींच उत्तर दिलें, "होईल म्हणजे काय, रात्रींतच होईल."

उत्तरपत्रिका आम्हीं चार दिवस खपून तयार केली होती व घरच्या यंत्रावर तिची परीक्षाहि घेतली होती. विंडोज बसून झाल्यावर, कोणी आंत येण्यापूर्वीं, एक लहानसा आज्ञालेख आपोआप चालतो. त्यांत आम्हीं सात प्रोग्राम एकामागून एक लावून दिले होते. सायंकाळीं सहा पेनड्राइव्ह फिरवून चोवीसहि यंत्रें मार्गीं लावलीं. शाळेचे रखवालदार, ज्यांना सारे 'मामा' म्हणतात, ते दाराशीं उभे राहून पाहत होते. आम्हीं त्यांस मोठ्या ऐटींत सांगितलें, "मामा, आतां सगळें आपोआप होईल. कोणी बघायची सुद्धां गरज नाहीं. फक्त हात लावूं नका."

करंजी घाट उतरतांना आमचें मन फार प्रसन्न होतें. १५४९ सालीं निजामशाहींत याच नगरांत मुलुख-मैदान तोफ ओतली गेली; ती आज विजापूरच्या तटावर आहे. तिचा रस सांच्यांत सोडल्यानंतर त्या ओतारी लोकांना सांचा फुटेपर्यंत झोंप लागली असेल काय, असा विचार डोक्यांत येऊन गेला. आम्हांस मात्र उत्तम झोंप लागली.

सकाळीं सातास येऊन पाहतों तों चोवीस पडद्यांवर चोवीस वर्तुळें फिरत आहेत. खालीं तेंच सोशीक वाक्य, कीं थोडा वेळ थांबा. मामा कोपऱ्यांत घोंगडी पांघरून बसलेले.

"मामा, हें कधींपासून असं आहे?"

"साडेआठपासून, सर. रातभर चाकच फिरतंय."

"मग फोन कां नाहीं केला?"

"तुम्हीच म्हणालां, बघायची गरज नाहीं. मग मी बघितलं तें तुम्हांला कशाला सांगूं?"

यावर आमच्याजवळ आगाऊ अगर मागाहून, कोणतेंच उत्तर नव्हतें.

अशा वेळीं पहिला मोह होतो तो यंत्र बंद करून पुन्हां सुरू करण्याचा. तो आवरावा, कारण अर्ध्यावर तोडलेलें विंडोज बहुधा पुन्हां पहिल्यापासून बसवावें लागतें. शिफ्ट व एफ-दहा हे कळ एकत्र दाबले असतां बसविण्याच्या कामांतहि एक काळी खिडकी उघडते, तींतून आंत डोकावतां येतें. विंडोज आपल्या कामाची रोजनिशी 'पँथर' नांवाच्या फोल्डरांत लिहीत असतें. तिच्या दोन वह्या, एक झालेल्या कामांची आणि दुसरी चुकांची. चुकांच्या वहींत आमच्या उपयोगाचें एक अक्षर नव्हतें. आणि तें खरेंच होतें, चूक अशी कांहीं घडलीच नव्हती! कामाच्या वहींत आज्ञालेख सुरू केल्याची नोंद होती आणि संपल्याची नव्हती. नवशिका आंकडे शोधीत बसतो; ३०१० दिसतांच घाबरतो, वास्तविक त्याचा अर्थ 'काम झालें, यंत्र पुन्हां सुरू करा' इतकाच आहे. खरें भय १६०३ चें. येथें आंकडाच नव्हता. मग चालू असलेल्या कामांची यादी मागितली, आणि तींत आमचा पांचवा प्रोग्राम स्वस्थ उभा असलेला सांपडला.

त्याला गप्प करण्यासाठीं आम्हीं 'एस' लावला होता, पण लहान लिपींतला. ज्या साधनानें तो बांधलेला होता त्या एनएसआयएसला मोठा 'एस' लागतो; लहान 'एस' त्याच्या लेखीं नसल्यासारखाच. बाळबोध लिपींत वाढलेल्या माणसाला अक्षराला थोरली पाती व धाकटी पाती असते हें बुद्धीनें कळतें, पण डोळ्यांत भरत नाहीं. हुकूम न समजल्यानें त्या प्रोग्रामानें आपली खिडकी उघडली, नेहमीचा पहिला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत राहिला. खिडकी मात्र विंडोजच्या पडद्याआड. ती कोणास दिसावी? अशा रीतीनें पाथर्डीच्या थंडींत चोवीस प्रश्न रात्रभर अंधारांत हात जोडून उभे होते.

तर मग घरीं हाच लेख कसा बिनबोभाट पार पडला? हा प्रश्न आम्हांस त्या सकाळीं प्रोग्राम सांपडल्यावरहि सुटेना. दुपारीं उलगडा झाला, आणि तो सांगावयास आजहि संकोच वाटतो. घरीं आम्हीं तो लेख विंडोजमध्यें आंत शिरून, समोर बसून चालविला होता. तेथेंहि ती खिडकी उघडली असली पाहिजे, आणि आमच्या बोटानें 'पुढें', 'पुढें', 'समाप्त' असें करून ती मिटविली असली पाहिजे. आम्हांला त्याची आठवण नाहीं. वीस वर्षांच्या संवयीनें बोट डोक्यास न विचारतां वागलें. ज्या कामास माणूस लागत नाहीं असें आम्ही छातीठोकपणें सांगत होतों, त्यांत एक माणूस होता. तो आम्हीच असल्यामुळें मोजला गेला नाहीं.

असो. उपाय सोपा होता. काळ्या खिडकींत एक ओळ लिहून त्या अडलेल्या प्रोग्रामास मारावयाचें; तो पडला कीं लेख पुढच्या कामास लागे. परंतु चोवीस यंत्रें आणि दोन हात. वसतिगृहांतील दोन मुली लवकर येऊन बाहेर थांबल्या होत्या. आम्हीं ती ओळ फळ्यावर लिहिली, आणि त्या दोघींनीं व मामांनीं मिळून यंत्रामागून यंत्र मोकळें केलें. मामांना इंग्रजी येत नाहीं. त्यांनीं फळ्यावरील आकार पाहून एकेक अक्षर शोधून दाबलें, आणि त्यांच्या चार यंत्रांत एकहि चूक झाली नाहीं. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ज्याला मुळींच गृहीत धरतां येत नाहीं, तो बहुधा तो अधिक जपून पाळतो. साडेनवास शेवटचें वर्तुळ थांबलें, दहास मुलें बसलीं. ज्यानें सर्वांना अडविलें तो पांचवा प्रोग्राम दाबून लहान केलेल्या फाइली उघडण्याचा होता. परीक्षेस त्याची कांहीं एक गरज नव्हती. 'असूं द्यावा' म्हणून आम्हींच घातला होता.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चीहि मुदत संपली. शाळेनें नवीं यंत्रें घेतलीं आणि पुन्हां आम्हांसच बोलावलें. या वेळीं उत्तरपत्रिका आधीं कोऱ्या यंत्रावर, हात पाठीमागें बांधून तपासली. निघतांना मामांस एक कागद दिला: प्रत्येक यंत्र किती वाजतां कोठें होतें तें लिहावें, आणि वर्तुळ पाऊण तासाहून अधिक फिरलें तर फोन करावा. मामांनीं कागद घडी करून टोपींत ठेवला.

करंजी घाटाशीं पोंचलों असूं नसूं, तोंच फोन वाजला.

"सर, अकरावं यंत्र कांहींतरी विचारतंय."

"काय विचारतंय?"

"इंग्रजीत आहे. मी हात नाहीं लावला. पण म्हटलं, सांगावं."

आम्हीं गाडी वळविली.