कुंथलगिरी : जेथे मागणे थांबते

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटच्या माळरानात कुंथलगिरीची लहानशी टेकडी आहे. पायथ्याच्या दुकानांतील खव्याच्या पेढ्यांचा दरवळ पायऱ्या चढू लागताच मागे पडतो. वर शुभ्र जिनमंदिरे आणि कुलभूषण व देशभूषण या दोन मुनिराजांच्या चरणपादुका यात्रेकरूंची वाट पाहत असतात. या भूमीवरून ते मोक्षास गेले, म्हणून हे सिद्धक्षेत्र.

येथे येणाऱ्यांपैकी अनेकजण दुःखाचे ओझे घेऊनच येतात. कोणाची पेढी बुडालेली असते, कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाचे तरुण माणूस गेलेले असते. अशा वेळी मन नकळत व्यवहाराची भाषा बोलू लागते : इतके अर्पण करीन, एवढे पदरात पडावे. पण वीतराग प्रभूंच्या दरबारी जमाखर्चाची वही नाही. ते प्रसन्न होऊन देत नाहीत, रुष्ट होऊन हिरावून घेत नाहीत. मग तेथे मस्तक का नमवावे?

उत्तर या टेकडीच्या कथेतच आहे. गुरुगृही विद्या संपवून परतणाऱ्या दोघा राजपुत्रांना वाड्याच्या गवाक्षात एक कन्या दिसली आणि दोघांच्याही मनात अभिलाषा जागली. ती आपलीच भगिनी आहे हे कळताच ते लज्जेने खाली पाहू लागले. त्या पश्चात्तापातूनच त्यांचे वैराग्य उपजले. पुढे ध्यानस्थ असता त्यांच्यावर घोर उपसर्ग झाला. जैन रामकथेनुसार राम-लक्ष्मणांनी तो दूर केला. मुनींनी मात्र कोणाचाही धावा केला नव्हता. समभावात स्थिर राहूनच त्यांना केवलज्ञान झाले.

याच क्षेत्री १९५५ साली आचार्य श्री शांतिसागर महाराज आले. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे हे तपस्वी; विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला त्यांनी नवे चैतन्य दिले. वार्धक्यात दृष्टी मंदावली. पावलाखालचा जीव दिसत नसेल तर अहिंसा महाव्रत कसे पाळावे, या विचाराने त्यांनी सल्लेखना स्वीकारली. त्याच काळात आचार्यपद शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपविले. ज्यांच्या दर्शनासाठी लोक दूरदूरहून येत, त्यांनी स्वतःजवळ पदही ठेवले नाही. उपवास सुरू असतानाच त्यांनी मराठीतून अखेरचा उपदेश केला : आत्मचिंतन करावे, संयम धारण करण्यास भिऊ नये. ३६व्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी, त्यांनी देह ठेवला.

ती तिथी भाद्रपद शुद्ध द्वितीया. तीनच दिवसांनी दशलक्षण पर्व सुरू होते, आणि त्याचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा, म्हणजे मान गाळून टाकण्याचा. दुःखात मनुष्याला सर्वांत जड वाटतो तो हा मानच. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नातही त्याचाच सूर असतो. आपल्या कर्माचे फळ आपल्याच दारी आले, हे निमूटपणे मान्य करणे म्हणजे विनय. हे ज्यांनी पूर्णत्वाने साधले, त्यांच्यापुढे मस्तक नमविणे म्हणजे भक्ती. णमोकार मंत्रातही केवळ वंदन आहे. मागणे एकही नाही.

टेकडी उतरणाऱ्याचे कर्ज तसेच असते, घरचा रुग्ण अजून अंथरुणावरच असतो. मात्र चढताना ओठांवर असलेली मागणी कधी निमाली, हे त्याचे त्यालाच कळत नाही. पायथ्याशी तो घरच्यांसाठी पावशेर पेढे घेतो आणि गाडीची वाट पाहत शांतपणे उभा राहतो.