जुन्या प्रोग्रामला काय हवंय

अपग्रेड झाल्यावर एखादा प्रोग्राम उघडेना, की पोरं आधी तो काढून पुन्हा टाकतात. मी आधी त्याला काय हवंय ते बघतो. लिनक्सवर त्यासाठी एलडीडी ही साधी कमांड आहे. प्रोग्रामला लागणाऱ्या एकेका सामायिक लायब्ररीचं नाव आणि ती मशीनवर कुठे सापडली, हे ती ओळीने छापते.

कळंबच्या बाजार समितीत सोयाबीनची आवक वाढली की आडतीवर कुणाला दम घ्यायला फुरसत नसते. अशाच दिवसांत एका आडत दुकानात उबुंटू २०.०४ चं २२.०४ झालं आणि पट्टी काढणारा प्रोग्राम उघडेना. हमाली-तोलाई वजा करून आकडा हातानेही निघतो. पण छापील पट्टी घेतल्याशिवाय शेतकरी गावाकडे निघत नाही, आणि निघूही नये. एलडीडी चालवलं. सगळ्या ओळी सरळ, एकीपुढेच ‘नॉट फाउंड’: लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१.

ही लायब्ररी ओपनएसएसएलची. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची ३ ही मालिका आली आणि १.१ गेली. नावामागचा आकडा शोभेचा नसतो. जुन्या प्रोग्रामांशी जमणार नाही असा बदल केला, की लायब्ररीचे कर्ते तो बदलतात.

अशा वेळी नव्या फाइलला जुन्या नावाची लिंक द्यायचा सल्ला हमखास मिळतो. मला तो मुळीच मान्य नाही. नाव जुळलं तरी आतल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का असतो. तो जुळत नाही म्हणून प्रोग्राम पुन्हा अडतो. अडला तर बरंच. जिथे असे शिक्के नसतात तिथे तो सुरू होतो आणि भलत्याच जागी कोसळतो. लोकांच्या पैशांच्या हिशेबात हे परवडत नाही.

या शिक्क्यांची खरी किंमत लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीने, जीलिबसीने दाखवली. २०१० मध्ये फेडोरा १४ वर फ्लॅशचा आवाज खरखरू लागला. मेमसीपीवाय या फंक्शनची नवी, वेगवान आवृत्ती बाइट वेगळ्या क्रमाने उचलत होती. कुठून घ्यायचं आणि कुठे ठेवायचं त्या जागा एकमेकींवर आल्या, की डेटा बिघडायचा. नियमाने चूक फ्लॅशची होती. तरी लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स वापरणाऱ्यांच्या बाजूने भांडले. पुढे जीलिबसी २.१४ मध्ये नव्या शिक्क्याचं मेमसीपीवाय आलं आणि आधी बांधलेल्या प्रोग्रामांना जुनंच वळण मिळत राहिलं. असं काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आडतीवर मी २०.०४ च्या पॅकेजमधून लिबएसएसएल आणि लिबक्रिप्टो काढून प्रोग्रामशेजारच्या फोल्डरमध्ये ठेवल्या, आणि लायब्ररी कुठे शोधायची ते बदलणाऱ्या पॅचेल्फ या साधनाने फक्त त्या प्रोग्रामला तो पत्ता दिला. पुन्हा एलडीडी. आता लिबक्रिप्टो ‘नॉट फाउंड’! ती प्रोग्रामला नाही, लिबएसएसएलला लागते. आणि प्रोग्रामला दिलेला पत्ता लायब्ररीच्या कामी येत नाही. लिबएसएसएललाही स्वतःच्या शेजारी बघायला सांगितलं. पट्टी निघाली. बाकीच्या सिस्टीमला कुठे धक्का लागला नाही.

“शेठ, हे कायमचं समजू नका,” मी म्हणालो. १.१.१ ची मोफत देखभाल मूळ प्रकल्पाने सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली आहे, आणि हा प्रोग्राम रोजच्या नोंदी इंटरनेटवरून पाठवतो. तो लिहिणाऱ्या मुलाकडून नव्या ओपनएसएसएलवर पुन्हा बांधून घ्यायलाच हवा. शेठनी लगेच फोन लावला. सोर्स कोड त्याच्याकडे अजून होता.