आमची आई आणि तीन चित्रपट

घरात बसून चित्रपट पाहण्याची सोय झाली तेव्हा आमच्या गावातील पुष्कळांस वाटले की, आता चित्रगृहांचे दिवस भरले. आम्हांस मात्र निराळीच शंका येत असे. चित्रगृहाच्या अंधारात पाहिलेला चित्रपट आणि घरच्या सोप्यावर, भर उजेडात पाहिलेला तोच चित्रपट, हे दोन्ही खरोखर एकच असतात काय? या शंकेचे उत्तर आम्हांस एका रविवारी दुपारी मिळाले. परंतु ते सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे. वाचकांनी कंटाळू नये.

आमचे गाव बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात आहे. गावात चित्रगृह कधीच नव्हते. सुगी आटोपली की आठवडी बाजाराच्या माळावर फिरत्या सिनेमाचा तंबू उभा राही. बायका एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस, आणि बसावयास जमीन. तिकीट चार आणे. दशमान नाणी येऊन काही वर्षे लोटली होती, तरी आमच्याकडे पंचवीस पैसे असे कोणी म्हणत नसे. यंत्र एकच असल्यामुळे रीळ संपले की खेळ थांबे, आणि त्या अवधीत शेंगा, विड्या व गावच्या बातम्या यांस ऊत येई.

त्या तंबूत १९६४ साली आम्ही ‘संत तुकाराम’ पाहिला. दामले आणि फत्तेलाल यांनी प्रभातसाठी १९३६ साली काढलेला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेलेला हा बोलपट तोपर्यंत चांगलाच झिजला होता. पडद्यावर सारखा पाऊस पडत असल्यासारखे दिसे. आम्ही नऊ वर्षांचे. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवरील शांती आम्हांस काय कळणार? आमचे सारे लक्ष शेवटी येणाऱ्या विमानाकडे होते. आमच्या आईने मात्र पाहिली ती गौरीबाईंची जिजाई. मूल आजारी पडले तेव्हा वहाण हातात घेऊन थेट देवळात देवाला जाब विचारावयास निघालेली ती बाई पाहताच बायकांच्या बाजूने हशा आणि हुंदके एकदमच उठले. कंदिलाच्या उजेडात घरी परतताना आम्ही विमानाविषयी बडबडत होतो. आई एवढेच म्हणाली, “ती मागंच राहिली बघ. पोरांना जेवायला कोण घालणार?”

दुसरा चित्रपट चर्चच्या आवारात पाहिला. फादरांनी कोठून तरी सोळा मिलिमीटरचे यंत्र मिळविले होते. दोन आंब्यांच्या मध्ये पांढरी चादर ताणून त्यांनी ‘द साँग ऑफ बर्नाडेट’ दाखविला. हा १९४३ सालचा. त्यातील जेनिफर जोन्स यांना उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून ऑस्कर मिळाले होते. संवाद सगळे इंग्रजी, तेव्हा फादर चादरीजवळ उभे राहून मराठीत अर्थ सांगत. लूर्दच्या गुहेतील दर्शनाच्या वेळी सारे आवार निःशब्द झाले. पुढे मठात गेलेली बर्नाडेट हाडाच्या दुखण्याने पोखरली जाते, पण त्याचा उच्चार करीत नाही. फादरांनी तिच्या या सहनशीलतेची वाखाणणी केली आणि आम्हां मुलांस तिचा कित्ता गिरविण्यास सांगितले. वाटेत आई पुटपुटली, “दुखत होतं तर सांगायचं ना! लपवून कुणाचं भलं झालं?” फादरांच्या शब्दाविरुद्ध आईने काही बोललेले आम्ही त्या दिवशी प्रथमच ऐकले.

मग मध्ये पुष्कळ वर्षे गेली. नोकरी, लग्न, मुले, घराची कौले. चित्रपट पाहिले, पण त्यांची आठवण सांगण्याजोगी नाही.

२००४ साली ‘श्वास’ आला. ‘श्यामची आई’ने पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविल्यानंतर इतक्या वर्षांनी मराठीला पुन्हा सुवर्णकमळ मिळाले म्हणून जो तो तो पाहावयास निघाला होता. ऑस्करच्या स्पर्धेत त्याचा प्रचार व्हावा यासाठी सामान्य लोकांनी वर्गणीही दिली. आम्ही सौभाग्यवतींस व आईस घेऊन बेळगावास गेलो. कथा साधीच. कोकणातील एक आजोबा नातवाचे डोळे दाखविण्यास पुण्यास येतात. डोळ्यांत कर्करोग निघतो. मुलाचा जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. डॉक्टर म्हणतात, हे मुलाला आधी सांगितलेच पाहिजे. आणि आजोबांच्या तोंडून तो शब्द फुटत नाही. अरुण नलावडे यांचा तो चेहरा पाहून सारे चित्रगृह रडत होते. आम्हीही रडलो. अंधारात रडण्यास संकोच वाटत नाही.

परतीच्या बसमध्ये आम्ही डॉक्टरांची बाजू घेऊन मोठेच प्रवचन झोडले. ज्याचे शरीर त्याला सत्य कळलेच पाहिजे, लपविणे म्हणजे त्याचा अपमान, इत्यादी. सौभाग्यवतींचे मत उलट होते. आई खिडकीस डोके टेकून झोपली होती. निदान आम्हांस तसे वाटले.

२०१६ च्या फेब्रुवारीत आईच्या पोटात दुखू लागले. तिचे वय चौऱ्याऐंशी. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी आम्हांस बाहेर बोलावून सांगितले की, आता शस्त्रक्रियेत अर्थ नाही. पावसाळ्यापर्यंतचा काळ हाती आहे असे समजा. आम्ही आत जाऊन आईस म्हणालो, “आतड्याला सूज आहे. औषधानं उतरेल.” हे वाक्य आमच्या तोंडून इतके सहज निघाले की आमचे आम्हांसच नवल वाटले. पुण्याच्या भावास, मडगावच्या बहिणीस, शेजाऱ्यांस, सर्वांस बजाविले. तपासणीचे कागद धान्याच्या कणगीमागे ठेवले. कम्युनियन घेऊन येणाऱ्या फादरांसही गप्प बसविले. त्यांस ते पटले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

अशा स्थितीत एका रविवारी नातू टी.व्ही.वर वाहिन्या बदलीत असता ‘श्वास’ लागला. आम्ही चटकन रिमोटकडे हात नेला. आई खाटेवरून म्हणाली, “राहू दे. हा आपण पाहिलाय.”

सोप्यावर लख्ख ऊन होते. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. तोंड लपविण्यास अंधार नव्हता, रडण्यास अनोळखी माणसांची सोबत नव्हती. डॉक्टर आजोबांस तेच ते सांगू लागले आणि नेमकी जाहिरात आली. चित्रगृहात असतो तर कथा आम्हांस पुढे ओढून घेऊन गेली असती. येथे एक बाई साबणाची तारीफ करीत राहिली, आणि आम्ही ती अत्यंत लक्षपूर्वक ऐकत राहिलो.

आईने आमच्याकडे पाहिले नाही. ती म्हणाली, “त्या दिवशी बसमध्ये तू काय बोलत होतास रे?”

आम्ही नातवास बाहेर पाठविले. आवाज बंद केला. मग जे होते ते सांगितले. शब्द मागेपुढे झाले, पण सांगितले. तिने फक्त विचारले, “कधीपर्यंत?” आम्ही पावसाळा म्हणालो. ती काही वेळ पदराचे टोक बोटाला गुंडाळीत बसली. मग म्हणाली, “आवाज लाव. म्हातारा आता पोराला फिरायला नेईल.”

अखेरचा तो होडीतला प्रसंगही तिने पाहिला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फादरांस निरोप धाडला. बांगड्या कोणाला, गाईचे काय, हे आठवडाभरात सांगून टाकले. आमच्या खोटेपणाबद्दल मात्र ती एक शब्दही बोलली नाही, आणि तेच आम्हांस अधिक जड गेले.

पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, “मला बाजाराचा माळ दाखव.” रिक्षातून नेले. माळाच्या जागी आता दुकानांची रांग आणि मोटारींचा तळ आहे. तंबूचे तोंड कोणत्या बाजूस होते हे आम्हांस काही केल्या आठवेना. रिक्षावाला तर कालचा पोरगा. आईने रिक्षातूनच हात बाहेर काढला आणि खताच्या दुकानाकडे बोट दाखविले. “तिथं बायका बसायच्या,” ती म्हणाली, “आणि तू त्या खांबाशी.”